इस्तंबूलची सबील, जुन्नरचा घुमट

आमच्या घरात एक गोष्ट तीन पिढ्या सांगितली जाते. अब्बांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या दादीने १९२० च्या सुमारास पायातले चांदीचे तोडे उतरवून खिलाफतीच्या वर्गणीत दिले होते. इस्तंबूल नकाशावर कुठे आहे हे त्या बाईने कधी पाहिले नव्हते. खलिफा तिथे राहतो आणि तो संकटात आहे, एवढेच तिला ठाऊक होते. अब्बा ही गोष्ट सांगून झाली की म्हणत, "आपल्या घरची चांदी जिथं गेली ते शहर एकदा बघायचंय."

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत हे जमून आले. माझ्या पगारातून चार वर्षे भरलेली आवर्ती ठेव हातात आली होती, कांद्याला भाव बरा मिळाला होता आणि अब्बांचे गुडघे अजून साथ देत होते. "एवढ्या पैशात उमरा झाला असता," असे शेजारच्या भाभी म्हणाल्या. अब्बांचा उमरा अल्हम्दुलिल्लाह आधीच झाला होता. तरीही भाभींचे म्हणणे मला चुकीचे वाटले नाही. परदेशी फिरण्यात पैसा घालायचा, तर त्यातून मुलांच्या हाती काय लागणार, हे आधी स्वतःला विचारायला हवेच.

मला त्या प्रवासाकडून काहीतरी हवेही होते. माझी थोरली तेव्हा नववीत होती. वर्षभरापूर्वी वर्गातल्या एका मुलाने चेष्टेत तिला म्हटले होते, "तुमचा इतिहास तिकडचा, आमचा इकडचा." मुले बोलतात आणि विसरतात. ही विसरली नाही. उर्दूत डब झालेल्या तुर्की मालिका ती रात्री उशिरापर्यंत बघू लागली. वहीच्या मागच्या पानावर तलवारी आणि मिनार काढू लागली. एकदा सहज म्हणाली, "अम्मी, आपली खरी राजधानी इस्तंबूलच होती ना?" मी चोवीस वर्षे मुलांना शिकवते आहे. चेष्टा करणारा मुलगा जे म्हणाला, ते माझ्या मुलीने मुकाट्याने मान्य करून टाकले होते, हे माझ्या लक्षात आले. रागावून उपयोग नव्हता. म्हटले, चल, बघूनच येऊ.

राजधानी नसलेली राजधानी

मुंबईहून विमानाने सात तासांच्या आसपास लागतात. तिथले घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागतो, म्हणून दोन महिने अगोदर कागदपत्रांना लागावे. आम्ही फातिह भागात, जुन्या शहरात, दोन खोल्या घेतल्या. तिथून बहुतेक सगळे चालत किंवा ट्रामने करता येते. इस्तंबूलकार्ट नावाचे एकच कार्ड ट्राम, बस आणि बोट, तिन्हींना चालते. एका कार्डावर घरातले सगळे जाऊ शकतात, प्रत्येकासाठी यंत्राला लावायचे एवढेच.

पहिल्या रात्री मसुराच्या डाळीचा गरम चोरबा पुढे आला. धाकटा म्हणाला, "हा तर शोरबा!" मग दोघांना खेळच सापडला. साबणाला साबून, दुकानाला दुक्क्यान, मैदानाला मेयदान, पडद्याला पेरदे. पाटीवर अक्षरे रोमन, पण शब्द आपल्या ओळखीचे. 'तारिह' हा शब्द मात्र थोरलीला अडला. मी सांगितले, हा आपला 'तारीख'. मराठीत आपण तो दिवसापुरता ठेवला. उर्दूत आणि तुर्कीत त्याचा अर्थ इतिहास असाही होतो.

पहिला धडाही त्याच जेवणावर झाला. इस्तंबूल आज राजधानी नाही. १३ ऑक्टोबर १९२३ पासून तुर्कस्तानची राजधानी अंकारा आहे. त्याआधी सन ३३० मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने हे शहर राजधानी केले, १४५३ मध्ये ते उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमदने जिंकले. राज्यकर्ते बदलले, धर्म बदलला, लिपी बदलली, शेवटी राजधानीही उठून गेली. थोरली ऐकत होती, पण तिचे लक्ष खिडकीबाहेरच्या मिनारांकडे होते.

आयासोफियात

दुसऱ्या दिवशी असरला आम्ही आयासोफियात गेलो. नमाजसाठी येणाऱ्यांना वेगळा दरवाजा आहे आणि तिकीट नाही. पर्यटकांना तिकीट काढून वरच्या सज्जात जावे लागते. स्त्रियांची जागा वेगळी आहे. सोबत मोठी ओढणी आणि जाड पायमोजे असावेत, नोव्हेंबरात गारठा असतो.

ही वास्तू ५३२ ते ५३७ या पाच वर्षांत सम्राट जस्टिनियनने चर्च म्हणून बांधली. घुमटाचा व्यास सुमारे ३१ मीटर आहे. १४५३ मध्ये तिची मशीद झाली, १९३५ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद. किब्ल्याच्या बाजूला वर हजरत मरियम आणि हजरत ईसा यांचे जुने चित्र आहे, त्यापुढे पांढरे पडदे लावलेले असतात. मी मुलांना काही लपवून सांगितले नाही. इथे नऊशे वर्षे दुसऱ्या लोकांनी इबादत केली, हेही त्यांना कळायला हवे. भिंतींवर साडेसात मीटर व्यासाच्या आठ गोल तबकड्या आहेत. अल्लाह, मुहम्मद (स.), चार खलिफा, हसन आणि हुसैन. थोरलीने मान वर करून एकेक नाव वाचले. आजूबाजूच्या तुर्की मुली तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. का, ते मला नंतर कळले.

जमिनीखालचे पाणी

आमचे लोणी आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात आहे. डिंभे धरण याच तालुक्यात, पण आमच्या भागाने टँकर पुष्कळ पाहिले. म्हणून येरेबातानमध्ये उतरल्यावर आमच्या घरातले सगळेच गप्प झाले. येरेबातान म्हणजे आयासोफियाशेजारची जमिनीखालची पाण्याची टाकी, तीही जस्टिनियनच्या काळातली. बारा रांगांत ३३६ दगडी खांब, प्रत्येक नऊ मीटर उंच. पाणी शहराबाहेरच्या जंगलातून सुमारे १९ किलोमीटर अंतरावरून यायचे. टाकीत सुमारे ८०,००० घनमीटर पाणी मावत असे. धाकट्याने मोबाइलवर हिशेब केला, "दहा हजार लिटरचे आठ हजार टँकर!"

आता तळाशी थोडेच पाणी असते, त्यात दिवे हलताना दिसतात. अब्बा एका खांबाला हात लावून उभे राहिले. म्हणाले, "राजे काय, येतात आणि जातात. ज्यानं पाणी साठवलं त्यानं खरं राज्य केलं."

तोपकापी महालाबाहेर तिसऱ्या अहमदची सबील आहे, १७२८ ची. मधोमध नळांचे हौद, चार कोपऱ्यांना जाळीच्या खिडक्या. या खिडक्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाण्याचे पेले दिले जात. 'सेबिल' हा शब्द ऐकताच अब्बांचा चेहरा उजळला. मोहरममध्ये आपल्याकडेही सबील लागते. शब्द तोच, काम तेच.

थोरली तिथे भिंतीवरची सोनेरी अक्षरे लावू लागली. भाषा जुनी तुर्की, पण लिपी आपली. 'अहमद' आणि 'खान' तिला चटकन सापडले. शेजारी एक वयस्क तुर्की बाई उभ्या होत्या. त्यांनी फोनमधल्या भाषांतराच्या सोयीने विचारले, "तुला हे वाचता येते?" थोरली म्हणाली, "अर्थ कळत नाही, अक्षरे कळतात." बाई म्हणाल्या, "मला अक्षरेही कळत नाहीत. मी या रस्त्यावरून साठ वर्षे जाते आहे."

तुर्कस्तानात १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली. त्यामुळे आज तिथल्या सामान्य माणसाला आजोबांच्या कबरीवरचा दगडही वाचता येत नाही. आयासोफियातल्या त्या मुलींचे कौतुक यामुळे होते.

मग बाईंनी साधा प्रश्न विचारला, "तुम्ही कुठल्या?" मुलगी उत्साहाने म्हणाली, "मुस्लिम, हिंदुस्तान." बाई हसल्या, तिच्या गालाला हात लावला. "हिंदिस्तान! किती लांबून आलात. तुमच्या गावातही असे जुने काही असेल. त्यावर काय लिहिलेले आहे?"

थोरली माझ्याकडे बघू लागली आणि मी अब्बांकडे. जुन्नर आमच्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर. त्यावर काय लिहिले आहे, हे आमच्यापैकी कोणीच कधी वाचले नव्हते.

दादीचे तोडे

तोपकापी महाल दुसऱ्या मेहमदने बांधायला घेतला. सुमारे चार शतके सुलतान तिथून राज्य करत होते. १९२४ पासून ते संग्रहालय आहे. तिकीट आमच्या खिशाला जड होते, म्हणून आयासोफियाचा वरचा सज्जा आम्ही सोडून दिला. पवित्र अवशेषांच्या दालनात रसूलुल्लाह (स.) यांचा खिरका आणि तलवारी जपून ठेवल्या आहेत. सुलतान पहिल्या सलीमने १५१७ मध्ये मिसर जिंकल्यानंतर हे अवशेष इकडे येऊ लागले. तिथे कुरआनचे पठण अखंड चालू असते. अब्बा भिंतीला टेकून बराच वेळ दुरूद पढत राहिले. बाहेर आल्यावर बाकावर बसले आणि म्हणाले, "दादीचे तोडे इथवर आले की मध्येच कुठं राहिले, अल्लाहला ठाऊक. नियत पोचली असंल."

संध्याकाळी एमिनोन्यूहून उस्क्युदारला जाणाऱ्या बोटीत बसलो. डाव्या हाताला लांबवर दोल्माबाहचे महाल दिसतो. शेवटचे खलिफा दुसरे अब्दुलमजीद तिथे राहत. ३ मार्च १९२४ रोजी अंकाऱ्याच्या संसदेने खिलाफत रद्द केली आणि त्यांना देश सोडावा लागला. त्यांची मुलगी दुर्रुशेहवार १९३१ मध्ये हैदराबादच्या निजामाची थोरली सून झाली. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. ज्या घरासाठी लोणीच्या बाईने तोडे दिले, त्या घरची लेक शेवटी दख्खनमध्येच नांदायला आली. अब्बांना हे माहीत नव्हते. ते नुसते "सुबहानल्लाह" म्हणाले.

शेवटच्या दिवशी सुलेमानिया मशीद पाहिली. उस्मानी काळातला सगळ्यात मोठा स्थपती मिमार सिनान, त्याने ती १५५० ते १५५७ मध्ये बांधली. अंगणात बसून मी थोरलीला एक तारीख सांगितली. सुलेमानियाचे काम सुरू झाले त्याच्या आदल्या वर्षी, १५४९ मध्ये, आपल्या अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या कारागिराने 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ ओतली. रूम म्हणजे हाच उस्मानी मुलूख. तोफ आज विजापूरच्या तटावर आहे, वजन सुमारे ५५ टन.

ती जरा वेळाने म्हणाली, "म्हणजे इकडचे लोक तिकडे नोकरीला यायचे?"

"हो. राजधानी आपल्याकडेही होती."

ती पुढे म्हणाली ते मी विसरणार नाही. "अम्मी, इथं सगळे किती प्रेमानं बोलतात. पण पाहुण्याशी बोलतात तसं. मला वाटलं होतं, मी इथलीच आहे असं वाटेल. नाही वाटलं."

मी तिला जवळ घेतले. चार दिवसांचा खर्च त्या एका वाक्यात वसूल झाला.

दोन तासांवरची राजधानी

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही मंचर, नारायणगाव करत जुन्नरला गेलो. सकाळी शिवनेरी चढलो. अब्बा खाली थांबले. वाटेत सात दरवाजे लागतात, त्यातल्या एकाचे नाव पीर दरवाजा. वर गंगा-जमुना ही खडकात खोदलेली टाकी आहेत आणि पाणी अजून आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म याच गडावर झाला. तेव्हा हा मुलूख निजामशाहीत होता. महाराजांचे आजोबा मालोजीराजे निजामशाहीचे सरदार. अहमदनगरचे शाह शरीफ यांच्यावर त्यांची श्रद्धा होती, म्हणून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे सांगतात. गडावरच्या टाक्याजवळ दोन मिनार आणि त्यांना जोडणारी उंच कमान असलेली मशीद आहे. जन्मस्थानाचे दर्शन घेऊन येणारी शाळेची मुले तिथेच डबे सोडून बसली होती. आम्हीही त्यांच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली.

मुलांना तिथेच सांगितले: जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी. मलिक अहमदने १४९० मध्ये बहामनी सत्ता झुगारली ती इथे पाय रोवून, मग त्याने अहमदनगर वसवले आणि राजधानी तिकडे नेली. त्याचे वडील मलिक हसन हे मूळचे परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पुढे १६०७ च्या सुमारास मलिक अंबरने राजधानी काही काळ पुन्हा जुन्नरला आणली. तो हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याच मलिक अंबरने पुढे खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले आणि तिथे नहरीने पाणी आणले.

"म्हणजे तोही पाणीवालाच," धाकटा म्हणाला.

दुपारी हापूसबागेतल्या सौदागर घुमटाकडे गेलो. हापूस हे नाव आंब्याचे नसून 'हबशी बाग'चा अपभ्रंश असावा, असे म्हणतात. चौकोनी दगडी इमारत, वर मोठा घुमट, भोवती शेते. तिथे कोण दफन आहे याबद्दल जाणकारांचेही एकमत नाही. भिंतीवर अरबी अक्षरांचे पट्टे आहेत. इस्तंबूलसारखा सोन्याचा मुलामा नाही, तिकीट नाही, रांग नाही. त्या दिवशी आमच्याशिवाय कोणीही नव्हते.

थोरलीने वही काढली. ऊन कलेपर्यंत ती एकेक अक्षर बघून उतरवत राहिली. काही शब्द लागले, काही झिजलेले होते. शेजारच्या शेतातल्या मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि विचारू लागल्या, "काय लिवलंय गं पोरी? आम्ही रोज बघतो, कळत नाही." मला त्या तुर्की बाई आठवल्या. तुर्कांची लिपी बदलली म्हणून त्यांना वाचता येत नाही. आपली लिपी कोणी काढून घेतली नव्हती, आपणच वाचायचे सोडून दिले. जुन्नरात नाणेघाटाचा ब्राह्मी शिलालेख आहे, लेण्याद्रीची लेणी आहेत, मोडीतले कागद आहेत, हा घुमट आहे. यातले काहीही 'तिकडचे' नाही. आणि जो बघत नाही, त्याच्यासाठी यातले काहीही 'इकडचे' नाही.

थोरलीने मावशींना जेवढे लागले तेवढे वाचून दाखवले. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने जुन्नर निवडले आणि वर्गासमोर मांडले. चेष्टा करणाऱ्या मुलाने शेवटी विचारले, "आम्हालाही दाखवशील का?" पुढच्या महिन्यात तो आणि आणखी चौघे आमच्याबरोबर आले. त्याला पीर दरवाजा माहीत होता, घुमट माहीत नव्हता.

परदेशी जाणाऱ्या वाचक बहिणींना माझे सांगणे एवढेच. जरूर जा. कुरआनमध्ये जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहण्याचा आदेश वारंवार आला आहे. म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या, कारण आपण फोटो काढतो तेव्हा ते खरोखर बघत असतात. दिवसाला दोनच ठिकाणे ठेवा. मुलांना आधी थोडे वाचायला द्या. आणि निघण्यापूर्वी किंवा परतल्यावर एक रविवार आपल्या जवळच्या जुन्या गावासाठी राखून ठेवा. महाराष्ट्रात असे गाव नाही असा जिल्हा सापडणार नाही.

एप्रिलमध्ये अब्बांनी लोणीच्या थांब्याजवळ झाडाखाली दोन रांजण मांडले. पाणी भरायची जबाबदारी धाकट्याची. थोरलीने एका फळीवर मराठीत 'पाणी' आणि त्याखाली उर्दूत 'सबील' लिहिले. अब्बा म्हणाले, "खाली तारीख टाक. पुढं कोणी वाचंल."

तिने तारीख टाकली.